लॅपटॉपचा जॅक, डोंगल की टेबलावरचा डॅक-अँप: हेडफोनसाठी पैसे नेमके कुठे घालावेत

चांगला हेडफोन घरात आला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता डॅक घ्यावा का? खरं तर डॅक तुमच्याकडे आधीपासूनच आहे. फाईलमधल्या आकड्यांपासून विद्युत लहर बनवतो तो डॅक, आणि हेडफोनचा पडदा हलेल इतकं बळ त्या लहरीला देतो तो अँप. लॅपटॉपमध्ये ही दोन्ही कामं बहुतेक वेळा रिअलटेकची एकच चिप करते. तेव्हा विचारायचं ते हे, की आहे त्यात नेमकं काय कमी पडतंय. तीन गोष्टी कमी पडू शकतात: शांतता, ताकद किंवा जुळणी. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि किमतीही वेगळ्या.

आधी ताकदीचं बघू, कारण ती कागदावर मोजता येते. बॉक्सवर ओहम (विजेला होणारा अडथळा) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेवर किती मोठा आवाज) असे दोन आकडे असतात. नुसते ओहम पाहून निर्णय घेणारे हमखास फसतात. सेनहायझर एचडी ६५० हा ३०० ओहमचा हेडफोन १ व्होल्टला १०३ डेसिबल आवाज देतो. संगीतातल्या क्षणिक उसळीसाठी ११० डेसिबलची सोय हवी असं धरलं, तर सुमारे २.२४ व्होल्ट लागतात, पण करंट फक्त ७.५ मिलीअँपिअर. याउलट हायफायमॅन एचई४००एसई २५ ओहमचा, म्हणजे कागदावर 'सोपा'. त्याची सेन्सिटिव्हिटी मात्र १ मिलीवॅटला ९१ डेसिबलच आहे. त्याच ११० डेसिबलसाठी त्याला १.४ व्होल्ट पुरतात, पण करंट ५६ मिलीअँपिअर लागतो. पहिल्याला व्होल्टेज हवं, दुसऱ्याला करंट. बारीक डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायचा छोटासा डॅक-अँप, पहिल्याला व्होल्टेजमध्ये कमी पडतो, दुसऱ्याला करंटमध्ये. ऑडिओ-टेक्निका एम५०एक्ससारखा ३८ ओहमचा, ९९ डेसिबलचा हेडफोन दोन्ही बाबतींत समाधानी असतो. त्याच्यासाठी मोठा अँप घेणं म्हणजे पैसे वाया.

दुसरी गोष्ट जुळणी, म्हणजे आउटपुट इंपीडन्स, अँपचा स्वतःचा आतला अडथळा. अँपचा हा आकडा हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, हा साधा नियम. तो का? डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकला ७५ ओहम असतील आणि हेडफोन ३२ ओहमचा, पण खर्जात ६० पर्यंत चढणारा असेल, तर खर्ज बाकीच्या सुरांपेक्षा सुमारे साडेतीन डेसिबल वर उचलला जातो. तबल्याचा बायां फुगतो आणि गाणाऱ्याचा आवाज मागे ढकलला जातो. माणसाला वाटतं हेडफोनच वाईट. असा दोष असेल तर हजार रुपयांचा डोंगलही लख्ख फरक दाखवतो, कारण चांगल्या डोंगलचा आउटपुट इंपीडन्स १ ओहमच्या आसपास असतो.

तिसरी गोष्ट शांतता, ती पर्यायांत आणि पुढे विजेच्या भागात येईल. आता पर्याय समोरासमोर ठेवू.

लॅपटॉपचा जॅक फुकट आहे आणि नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा पुरेसाही. डेस्कटॉपचा पुढचा जॅक मात्र टाळा. कॅबिनेटच्या आत त्याची वायर ग्राफिक्स कार्डाजवळून जाते आणि तिला आवरण नसतं. गेम सुरू केला की कानात किरकिर येते ती तिथूनच. मागचा जॅक वापरला की अर्ध्या तक्रारी मिटतात.

डोंगल हा सगळ्यात कमी लेखला जाणारा पर्याय. ॲपलचा साधा यूएसबी-सी डोंगल संगणकावर जवळपास १ व्होल्ट देतो आणि आवाज स्वच्छ असतो. त्याच १ व्होल्टवर एचडी ६५० ची कमाल १०३ डेसिबल होते. चित्रपटसंगीताला ते पुरतं. पण हळू आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या शास्त्रीय मैफलीत आलाप ऐकताना व्हॉल्यूम टोकाला न्यावा लागतो आणि पुढे वाढवायला जागा उरत नाही. हाच डोंगल बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आवाज अर्ध्यावरच अडवतो. त्यामुळे फोनवर ऐकून त्याला नापास करू नका. दुकानात डोंगल घेताना आणखी एक खबरदारी घ्या: काही स्वस्त डोंगलांत डॅक नसतोच, ती नुसती वायर असते. असा डोंगल लॅपटॉपला ओळखूच येत नाही. पैसे देण्यापूर्वी लॅपटॉपला जोडा आणि साउंडच्या यादीत नवं नाव आलं का ते बघा.

टेबलावरचा एकत्रित डॅक-अँप, म्हणजे फिओ के७ किंवा टॉपिंग डीएक्स३ प्रो प्लस या जातीचं यंत्र, स्वतःचा अडॅप्टर घेऊन येतं. त्यामुळे यूएसबीच्या ५ व्होल्टवर त्याची भिस्त नसते. के७ बॅलन्स्ड जॅकवर (ज्यात दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या असतात) ३२ ओहमला २ वॅटपर्यंत देतो. वरच्या गणितातल्या ११० डेसिबलसाठी एचई४००एसईला लागत होते ८० मिलीवॅटच. म्हणजे ही ताकद गरजेच्या कैक पट आहे. ती असावी, पण तिच्यासाठी अंथरूण सोडून पाय पसरू नयेत. या यंत्राचा खरा लाभ वेगळाच आहे: हाताशी व्हॉल्यूमची खुंटी, स्पीकरसाठी लाइन-आउट आणि ऑप्टिकल इनपुट. ऑप्टिकल का महत्त्वाचं ते विजेच्या भागात येईल.

डॅक वेगळा आणि अँप वेगळा घेतला तर आवाजाचा दर्जा आपोआप वाढत नाही, वाढतात दोन अडॅप्टर आणि एक जोडवायर. पुढे अँप बदलायचा विचार पक्का असेल तरच या वाटेला जा. आणि ज्यांना गाणं किंवा हार्मोनिअम शिकताना रेकॉर्डही करायचं आहे, त्यांनी ऑडिओ इंटरफेस घ्यावा. त्यात कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टची सोय असते. हेडफोन-आउटचा आउटपुट इंपीडन्स तेवढा माहितीपत्रकात वाचून घ्या, अनेकांत तो १० ओहम किंवा जास्त असतो. ऑनलाइन मीटिंग रोजची असेल तर हेही लक्षात ठेवा: टेबलावरच्या बहुतेक डॅक-अँपना माइकचा जॅक नसतो, डोंगलला बहुधा असतो.

डॅक चिपच्या नावावर शेकडो पानं लिहिली जातात. आमच्या मते निर्णयात तिचं स्थान शेवटचं. १६ बिटांची सीडी सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर देते, आणि आजचा साधा डॅकही तिच्या पुढे असतो. सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या लहानपणीच्या तबकड्या ऐकत असाल, तर तबकडीची खरखर कुठल्याही चिपच्या दोषापेक्षा कितीतरी मोठी आहे. तिथे फरक पडतो तो हेडफोनच्या स्वराचा.

वीज: आपल्याकडे खरी अडचण इथे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे हेस्कॉमची लाईन आणि बिदर, भालकीकडे जेस्कॉमची, या दोन्ही कर्नाटकातल्या वीज कंपन्या. लाईन कुणाचीही असो, प्रश्न घरातल्या अर्थिंगचा असतो. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबागेतल्या जुन्या घरांत बोर्डावर तीन भोकं दिसतात, पण वरच्या भोकाला मागे वायर असेलच असं नाही. शेजारी माग चालत असतील तर मोटरींची कुरकुर लाईनवर येते ती वेगळीच.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. सतत एकसुरी घुमणारा आवाज येत असेल तर तो ५० किंवा १०० हर्ट्झचा, म्हणजे अर्थिंगचा किंवा ग्राउंड लूपचा (दोन यंत्रांच्या अर्थमधून विजेचा वळसा पुरा होणं). माउस हलवला की बदलणारी बारीक चिरचिर यूएसबीतून येते. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर आवाज थांबला तर दोषी चार्जरची वाट. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर बोट फिरवताना मुंग्या आल्या तर अर्थ पोहोचत नाही, असं बहुधा समजा. दोन पिनांच्या चार्जरवर तर हे नेहमीचंच.

वायरमनला बोलावून मल्टिमीटरने तीन मापं घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तितकंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ फारच कमी आलं किंवा आकडा भटकत राहिला तर अर्थ तुटलेला आहे. महागडा डॅक घेण्याआधी खड्ड्यातली अर्थिंग नीट करून घ्या. तो खर्च आवाजाच्याच नव्हे, घरातल्या माणसांच्याही कामाचा.

यूएसबीवर चालणारा डॅक आणि नुसता हेडफोन असेल तर ग्राउंड लूप होत नाही, कारण वळसा पुरा व्हायला दुसरी अर्थ लागते. तीच मंडळी तीन पिनांच्या स्पीकरला जोडली की घूं सुरू होते. उपाय स्वस्तापासून सांगतो: लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. मग यूएसबीऐवजी ऑप्टिकल केबल वापरा, तिच्यातून फक्त प्रकाश जातो. संगणकाला ऑप्टिकल नसेल तर यूएसबी आयसोलेटर, म्हणजे दोन्ही बाजूंची विजेची जोडणी तोडून फक्त डेटा जाऊ देणारं यंत्र. स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटचे असतात, म्हणजे साधारण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंतच चालतात. संगीताला तेवढं भरपूर. अर्थची पिन मात्र कधीही तोडू नका. घूं थांबते, पण उपकरणात बिघाड झाला तर फेज थेट अंगात येतो.

पावसाळ्यात खानापूर पट्ट्यात लाईट जाणं रोजचं. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर आत ट्रान्सफॉर्मर असलेला अँप गुरगुरू लागतो. स्विचिंग अडॅप्टरवरची यंत्रं ते बऱ्यापैकी सोसतात. साईन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर काळजी नाही. विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवा. कारवारसारख्या दमट हवेत जॅक काळे पडून एका कानाचा आवाज येतो-जातो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून वाळू द्या. अडॅप्टर बिघडला तर त्याच व्होल्टचा आणि त्याच ध्रुवांचा आणा. अँपिअर जास्त असले तर चालतात, व्होल्ट नाही.

जोडल्यानंतरची मांडणी

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड आणि मग तुमचं उपकरण. तिथे ऑडिओ एनहान्समेंट्स बंद करा. फॉरमॅट २४ बिट ठेवा. जास्त करून युट्यूब ऐकत असाल तर ४८,००० हर्ट्झ, सीडीच्या फाईली असतील तर ४४,१००. दोन्ही असतील तर फूबार२००० या प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह ही आउटपुटची पद्धत निवडा. मग विंडोजचा मिक्सर मधे पडत नाही आणि फाईल आहे त्याच दराने जाते. त्या वेळी ब्राउझरचा आवाज बंद होतो, तो दोष समजू नका. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ चा ड्रायव्हर आतच आहे, त्यामुळे बहुतेक डॅकना वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

विंडोजचा आवाज शंभरावर ठेवून खुंटीने कमी-जास्त करा. खुंटी तळाशी असताना डावा-उजवा कान सारखा वाजत नाही, हा ॲनालॉग खुंटीचा स्वभाव. म्हणून गेन (अँप लहर किती पट वाढवतो ते) असा निवडा की नेहमीचा आवाज घड्याळाच्या अकरा ते दोनच्या मधे येईल. इअरफोनला लो गेन, ३०० ओहमला हाय. हाय गेनवर इअरफोनमध्ये सूंऽ ऐकू येते ती अँपची असते. बॅलन्स्ड जॅकला साधं ३.५ मिमीचं कन्व्हर्टर लावू नका. ऋण तारा एकमेकींना टेकतात आणि अँप जळू शकतो.

तर मग घ्यायचं काय? एम५०एक्ससारखा हेडफोन आणि जॅक शांत असेल तर काहीच नको. जॅकमध्ये किरकिर असेल किंवा खर्ज फुगत असेल तर डोंगल. एचडी ६५० किंवा एचई४००एसईसारखा प्लॅनर जातीचा हेडफोन असेल आणि शास्त्रीय संगीत मनापासून ऐकत असाल तर एकत्रित डॅक-अँप, ऑप्टिकल इनपुटसह.

घेतल्यावर परत करण्याच्या मुदतीत तुलना करा, पण आवाज जुळवूनच. १०० हर्ट्झचा सूर वाजवा, हेडफोन जोडलेला ठेवून मल्टिमीटरच्या एसीवर दोन्ही यंत्रांचं व्होल्टेज एका टक्क्याच्या आत आणा. नाहीतर जो किंचित मोठा वाजतो तोच गोड वाटतो. मग गाणं सुरू होण्याआधी नुसता तानपुरा असतो ती पहिली दहा सेकंदं ऐका. जवारीच्या मागे सूं आहे का, षड्ज दोन्ही कानांच्या बरोबर मधे बसतो का, हे तिथेच कळतं.