अवंतिकेतल्या जेवणासाठी घेतलेला तीन पुडाचा डबा

पाचपैकी चार तारे. पाचवा कड्यांनी खाल्ला, त्याबद्दल पुढे.

इंदूरच्या बर्तन बाजारात मिळणारा हा स्टीलचा डबा मी ऑफिससाठी नाही, मुंबईला जाणाऱ्या अवंतिका एक्सप्रेससाठी घेतला. माहेर बोरिवलीला असल्यामुळे ही गाडी आमची घरचीच. संध्याकाळी इंदूर सोडते, देवास, उज्जैन, नागदा करत रात्री रतलाम, म्हणजे जेवण गाडीतच. डबा चांगला की वाईट हे ओट्यावर कळत नाही, समोरच्या बर्थवर अनोळखी माणूस बसलेला असताना कळतं. माझी कसोटी साधी आहे: ‘घ्या ना’ म्हणून डबा पुढे करेपर्यंत मी काय आणलंय हे शेजाऱ्यांना कळता कामा नये.

गळण्याच्या बाबतीत पूर्ण गुण. दुकानदाराने पाणी भरून डबा उलटा केला, ‘भाभीजी, एक बूंद नहीं गिरेगी.’ पाण्याचं काय, तेल जास्त चिवट असतं. घरी आणल्यावर लोणच्याचा खार भरून डबा रात्रभर वर्तमानपत्रावर आडवा ठेवला. सकाळी कागद कोरडा. झाकणातली सिलिकॉनची रिंग जाड आहे आणि खाचेत नीट बसते, सगळी करामत तिची.

वासाचं मात्र डब्यावर सोडून चालत नाही. एसी डब्यात खिडक्या बंद, तीच हवा फिरत राहते. तुम्ही लसणाची चटणी उघडली की पार दरवाजाशेजारच्या बर्थपर्यंत बातमी जाते. त्यात ही रिंग वास धरून ठेवते. मी ती काढून कोमट पाण्यात खायचा सोडा घालून भिजवते आणि उन्हात वाळवते. वास कमी होतो, जात नाही. म्हणून तीन पुडांपैकी वरचा कायम गोडाचा ठेवलाय आणि त्याची रिंग दुसऱ्या झाकणाला लावू देत नाही.

आता कड्या. दोन्ही बाजूंच्या कड्या उघडताना ‘खट्ट’ असा आवाज होतो. रात्री आठला कोणी लक्ष देत नाही. पण पहाटे गाडीचा डबा अंधारात असताना कोणाला लाडू हवा झाला तर त्या एका खटक्याने वरच्या बर्थवरचे गृहस्थ कूस बदलतात. शिवाय गरम भाजी भरून झाकण लावलं तर आतली वाफ थंड होऊन हवेचा दाब कमी होतो आणि झाकण असं चिकटतं की ओढताना हिसका बसतो. समोरच्यांची रेल्वेची पांढरी चादर आणि आपली हळदीची भाजी, पुढचं सांगायला नको. काही डब्यांच्या झाकणाला हवा सोडायचं बटण असतं, याला नाही. भाजी ताटात पसरून पूर्ण निववायची आणि मग भरायची.

मी काय नेते? दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, कांदा न घातलेली बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, वरच्या पुडात गूळपोळी. हाताला रस लागत नाही, चमचा लागत नाही, बेसिनपाशी रांग लागत नाही. आपले इंदुरी पोहे मात्र गाडीत नेऊ नयेत. ते वाळतात, शेव मऊ पडते आणि वर भुरभुरलेल्या जिरावण मसाल्याचा घमघमाट सगळ्या डब्याला पुरतो. रतलामला चढणारे शेवेच्या पिशव्या घेऊन येतात, त्या बंद असतात तोवर कोणाची तक्रार नाही.

आग्रहाचंही बघायला हवं. परक्याकडून खाद्यपदार्थ घेऊ नका अशी सूचना रेल्वेच देत असते, तेव्हा कोणी ‘नको’ म्हटलं तर राग मानायचं कारण नाही. मी आधी स्वतः खायला सुरुवात करते, मग अख्खा पूड पुढे धरते, हवं ते उचलावं. या मार्गावर जैन कुटुंबं बरीच असतात. त्यातले कित्येक सूर्यास्तापूर्वीच जेवून घेतात, बटाटाही खात नाहीत. त्यांच्यापुढे बटाट्याची भाजी धरून ‘थोडं तरी घ्याच’ म्हणणं म्हणजे त्यांची पंचाईत. आमच्या सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय त्यांना विचारल्यासारखंच वाटत नाही.

झोपायची वेळ रेल्वेच्या नियमाप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा, तोवर खालचा बर्थ सगळ्यांच्या बसण्याचा. उज्जैन सुटलं की जेवायला बसावं आणि रतलामच्या आत आवरावं. मधल्या बर्थवाल्याला ताटकळत ठेवून नाथाच्या घरची पंगत मांडू नये.

डबा बेसिनमध्ये विसळू नका, शितं अडकून पाणी तुंबतं. मी कागदाने पुसून तो कागद रिकाम्या पुडात टाकते आणि झाकण लावते, उष्टं-खरकटं घरी. २०१७पासून स्वच्छतेत पहिले म्हणून मिरवणारे आपण इंदूरकर, आणि देवास मागे पडलं की द्रोण बर्थखाली सरकवणारेही आपलेच, पाहिलेत मी.

वजन जरा जास्त आहे, पण पत्रा जाड असल्यामुळे, त्याचे गुण कापत नाही. घ्यायचा तर तीन पुडाचाच घ्या, चार पुडाचा खिडकीजवळच्या छोट्या फळीवर डगमगतो. आणि जादा रिंगा तेव्हाच मागून घ्या, दुकानदार आपणहून देत नाही.