यामाहा ए-एस501 : बेस-ट्रेबलची बटणे हवीत की नकोत?

घरासाठी स्टिरिओ ॲम्प्लिफायर घेताना बेस-ट्रेबलची, म्हणजे खर्ज आणि वरचे बारीक स्वर कमी-जास्त करणारी, बटणे असावीत की नसावीत, यावर शौकिनांत उघड दोन तट आहेत. रेगा ब्रायोसारख्या ॲम्प्लिफायरवर ती मुळीच नसतात. ध्वनिमुद्रण जसे आहे तसेच ऐकावे आणि वाटेत सर्किट जितके कमी तितके बरे, अशी त्यामागची भूमिका आहे. यामाहाच्या ए-एस501वर मात्र बेस, ट्रेबल, बॅलन्स आणि लाउडनेस ही चारही बटणे दर्शनी भागावर आहेत, शिवाय ती सगळी वगळून आवाज सरळ पुढे पाठवणारे 'प्युअर डायरेक्ट'ही आहे. ही सोय असल्यावर पहिल्या तटाच्या आक्षेपात फारसा दम उरत नाही, असे माझे मत आहे.

अलीकडच्या चांगल्या ध्वनिमुद्रणांसाठी मी प्युअर डायरेक्टच चालू ठेवतो. परंतु 78 आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेले जुने नाट्यसंगीत लावले, की ट्रेबल थोडा उतरवावाच लागतो. खरखर मागे सरते आणि गळ्याची फिरत जागेवर राहते. मात्र हात सैल सोडला तर शब्दांतले 'स' आणि 'श' बोथट होतात.

माझ्या लेखी खरी किंमत लाउडनेसची आहे. आवाज कमी केला की कानाला खर्ज अधिकच कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखवले होते. रात्री हळू आवाजात तबला ऐकताना डग्ग्याची घुमक हरवते आणि नुसती चाट उरते, ती याचमुळे. येथे लाउडनेस 'फ्लॅट'वर ठेवून आपल्याला चालेल तेवढ्या मोठ्या आवाजाला व्हॉल्यूम लावायचा आणि नंतर आवाज उतरवायचा तो लाउडनेस फिरवून. त्यामुळे मधले स्वर खाली येतात, पण खर्ज तितका खाली जात नाही.

बेसच्या बटणाकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. खर्ज 10 डेसिबलने वाढवायचा तर त्या पट्टीत दहापट शक्ती लागते, म्हणजे 5 वॉटच्या जागी 50. हा ॲम्प्लिफायर 8 ओहमच्या स्पीकरला 85 वॉट देतो खरा, पण लहान बुकशेल्फ स्पीकर त्याआधीच हात टेकतात. दहा फुटी खोलीत भिंतींमुळे 56 हर्ट्झच्या आसपास येणारा घुमाराही या बटणाने नेमका काढता येत नाही, कारण ते खालची सगळीच पट्टी उचलते किंवा दाबते. त्यापेक्षा स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढून पाहावेत. त्याला पैसे पडत नाहीत.

ही बटणे रिमोटवरून फिरत नाहीत, त्यामुळे दर वेळी उठावे लागते. दुकानात ती तपासण्यापूर्वी प्युअर डायरेक्ट बंद असल्याची खात्री करून घ्यावी, एरवी चारही बटणे कितीही फिरवली तरी आवाजात काहीच फरक पडणार नाही.