ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉम: थकलेलं हॉस्पिटल बिल इथेच शोधा

अमेरिकेत हॉस्पिटलचं बिल वसुली एजन्सीकडे गेलं की क्रेडिट रिपोर्टवर (तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींवर) चढू शकतं, आणि बऱ्याच जणांना ते घरकर्जाच्या वेळीच कळतं. ते आधी तपासायला हीच अधिकृत साइट. हे रिपोर्ट ठेवणारे तीन क्रेडिट ब्युरो म्हणजे इक्विफॅक्स, एक्सपिरियन, ट्रान्सयुनियन; तिघांचे रिपोर्ट दर आठवड्याला फुकट. कार्ड नंबर मागणारी मिळत्याजुळत्या नावाची साइट दिसली तर ती बंद करा.

ओळख पटवायचे प्रश्न मात्र किचकट असतात: जुना पत्ता, जुन्या कर्जाचा हप्ता. उत्तर चुकलं तर रिपोर्ट अडतो. मग १-८७७-३२२-८२२८ वर फोन करून टपालाने मागवावा लागतो. क्रेडिट स्कोअर इथे मिळत नाही. रिपोर्ट उघडला की लगेच पीडीएफ उतरवून ठेवा. तिन्ही घ्या, कारण एजन्सी एकाच ब्युरोला कळवून मोकळी झालेली असू शकते.

रिपोर्टमधल्या ‘कलेक्शन्स’ (वसुलीला गेलेली थकबाकी) या भागात बहुधा एजन्सीचंच नाव दिसतं, हॉस्पिटलचं नाही. म्हणून तारीख आणि रक्कम बिलाशी ताडून बघा. एप्रिल २०२३ पासून ५०० डॉलरखालची वैद्यकीय थकबाकी ब्युरो दाखवत नाहीत, पण त्यात मूळ रक्कम धरतात. ७०० पैकी ३०० भरले म्हणून नोंद जात नाही. पूर्ण भरलेलं बिल मात्र रिपोर्टवर राहता कामा नये, आणि न भरलेलंही पहिलं वर्षभर चढता कामा नये.

या सवलती ब्युरोंनी आपणहून दिलेल्या आहेत. सगळीच वैद्यकीय थकबाकी वगळणारा केंद्रीय नियम टेक्ससमधल्या फेडरल कोर्टाने जुलै २०२५ मध्ये रद्द केला. जुन्या बातम्यांवर विसंबून राहू नका.

बिल क्रेडिट कार्डावर अजिबात टाकू नका. ते कार्डाचं साधं कर्ज होतं आणि वरची एकही सवलत लागू होत नाही. भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी ‘गॅरंटर’ (हमीदार) म्हणून सही केली असेल, तर थकबाकी तुमच्या नावावर येऊ शकते. तेव्हा स्वतःचा रिपोर्ट बघा.

नोंद चुकीची असेल तर ती जिथे जिथे दिसते त्या प्रत्येक ब्युरोकडे वेगळी तक्रार करावी लागते. सोबत पावती आणि विमा कंपनीचं ईओबी (विम्याने किती भरलं आणि तुमच्याकडे किती उरलं याचं पत्रक) जोडा. उत्तर ३० दिवसांत, कधी ४५ दिवसांत येतं. बिल खरंच झेपत नसेल आणि हॉस्पिटल नॉन-प्रॉफिट असेल, तर पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो. पहिले १२० दिवस त्यांना ब्युरोला कळवता येत नाही, म्हणून अर्ज त्याच काळात द्या.