‘क्रेस्ट’ की ‘प्रेम’?

अमेरिकेत कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक विद्यार्थ्यांच्या विद्यापीठांना रसायनशास्त्रातल्या संशोधनासाठी राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे दोन मार्ग. १९८७ पासूनची ‘क्रेस्ट’ योजना विद्यापीठातच केंद्र उभारते. २००४ ची ‘प्रेम’ (आद्याक्षरं खरंच तशी जुळतात!) बड्या केंद्राशी जोडी जमवते, पोर्तो रिको विद्यापीठाच्या उमाकाओ शाखेची पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी जमली. पोरांचे हात महागड्या यंत्रांना लागतात, पण यंत्रं यजमानाकडेच राहतात. शिवाय विषय मटेरिअल्सचाच (पदार्थांचे गुणधर्म अभ्यासणारा) हवा.

क्रेस्टमध्ये यंत्र आपलं, तसा खर्चही आपलाच. अनुदान संपलं तरी एनएमआरचं (रेणूंची रचना ओळखणाऱ्या यंत्राचं) चुंबक द्रवरूप हेलियम मागतच राहतं. छोट्या विभागाने आधी ‘प्रेम’च करावं. वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाची गोष्ट वेगळी, तिथली पहिली पीएचडीच १९५८ मध्ये रसायनशास्त्रात झाली.