सिएनाचा फाचातोने: पासचे पैसे वसूल, पण आकडे तपासून घ्या

इटलीतल्या सिएनात १३४८च्या प्लेगने काय केलं हे डोळ्यांनी बघायचं असेल, तर नुसत्या कॅथीड्रलचं तिकीट काढू नका. ‘ओपा सी पास’ घ्या. सलग तीन दिवस चालतो आणि त्यात कॅथीड्रल, तळघर, बाप्टिस्ट्री (बाप्तिस्मा देण्याची वास्तू), कॅथीड्रलचं म्युझियम आणि म्युझियममधूनच वर जायचा फाचातोने, सगळं येतं.

फाचातोने म्हणजे कधीच पुरं न झालेल्या कॅथीड्रलची दर्शनी भिंत. १३३९ मध्ये सिएनाने ठरवलं की आहे ते कॅथीड्रल आडवा भाग म्हणून ठेवायचं आणि त्याला काटकोनात भलामोठा नवा मंडप जोडायचा. वर चढण्याआधी पियाझ्झा याकोपो देल्ला क्वेर्चामध्ये थांबा, तिथे तिकीट लागत नाही. आपण उभे असतो ती जागा म्हणजेच तो मंडप. फक्त छप्पर नाही. एका बाजूच्या कमानी बुजवून त्यात म्युझियम केलंय. भिंतीजवळ गेलात की बुजवलेल्या कमानींच्या खांबांवरचे काळ्या-पांढऱ्या संगमरवराचे पट्टे स्पष्ट दिसतात.

‘प्लेग आला आणि काम थांबलं’ एवढंच सांगून गाईड मोकळे होतात. ते अर्धंच खरं आहे. साथीने माणसं आणि पैसा दोन्ही नेलं, पण बांधकामातच दोष होते. खांब-भिंती भार पेलणार नाहीत असा जाणकारांचा निर्वाळा आल्यावर १३५७ मध्ये बेत कायमचा सोडला आणि धोकादायक भाग उतरवला.

मृतांच्या आकड्याचंही तसंच. आन्योलो दी तुरा या सिएनाच्याच बखरकाराने स्वतःची पाच मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. शहरात ५२,००० आणि आसपास २८,००० माणसं मेली, असं त्याने लिहिलंय. त्याच्या दुःखावर शंका घ्यायचं कारण नाही, पण आकडा जसाच्या तसा धरू नये. साथीआधी शहराची सगळी वस्तीच साधारण ५०,००० होती, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मे महिन्यात सुरू झालेल्या साथीत निम्मी किंवा त्याहून जास्त माणसं गेली, असं धरणं रास्त. तेवढंही भयंकरच आहे. शहराला पुन्हा ५०,००० गाठायला विसावं शतक उजाडलं. वरून तटाच्या आत जी हिरवी शेतं-बागा दिसतात, ती याच न भरलेल्या शहराची.

जिना गोल आणि अरुंद आहे, समोरून कुणी आलं तर अंग चोरायलाही जागा नाही. म्हणून माणसं तुकड्यातुकड्यांनी सोडतात आणि वर ठरावीक वेळच थांबू देतात. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि उंचीची भीती असणाऱ्यांनी नाद सोडावा. मोठी सॅक नेऊ नका. कॅथीड्रलसाठी खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत. गर्दीच्या दिवसांत म्युझियममध्ये शिरल्याबरोबर आधी वरची रांग गाठा. म्युझियममधलं दुच्चो या चित्रकाराचं ‘माएस्ता’ हे चित्र खाली उतरून आल्यावर निवांत बघता येतं.