खर्रा सोडवणारा फोन: 1800-11-2356 चा माझा अनुभव

खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली पुडी, सोडून मला पाच महिने झाले. मधे एकदा घसरलो, तेही सांगतो.

नागपूरच्या सक्करदऱ्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. होळीपासून पाऊस पडेपर्यंत कूलरच्या मोटारी मान वर करू देत नाहीत. दोन्ही हात तारेत गुंतलेले आणि गालात खर्रा, अशी 22 वर्षं गेली. शेवटी शेवटी दिवसाला सहा पुड्या लागायच्या. 30 रुपयांची एक, म्हणजे महिन्याचे 5,400 रुपये. मुलीच्या ट्यूशनची फी याहून कमी आहे.

सोडावंसं वाटत नव्हतं असं नाही. मोठमोठ्या वक्त्यांची भाषणं मोबाइलवर ऐकली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, टेकडीच्या गणपतीला जाऊन आलो. दोन दिवस जोर राहायचा, तिसऱ्या दिवशी पाय आपोआप पानठेल्याकडे. मग स्वतःला सांगायचो, एकदा मनाची पूर्ण तयारी होऊ दे. ती तयारी कधी झालीच नाही.

गेल्या पावसाळ्यात घरी सावजी मटण केलं होतं. पहिल्याच घासाला तोंडात अशी आग झाली की ताट सारून उठलो. ज्या रश्श्यावर मी वाढलो, तो मला जिभेवर ठेवता येईना. बायको काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात घेऊन गेली. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगून पट्टी लावली: 27 मिलिमीटर. मोठ्या माणसाचं साधारण 40 तरी असतं. त्याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, गालाची आतली कातडी आखडत जाते, आणि पुढे त्यातून कॅन्सर होण्याचा धोका असतो. एक गोष्ट मला तिथेच पहिल्यांदा कळली: हा आजार मुख्यतः सुपारीचा आहे. तंबाखू काढून साधी सुपारी खाऊ, हा माझा मनातला पळवाटेचा बेत तिथेच संपला.

त्या संध्याकाळीही मी ठेल्यावर उभा होतो. ठेलेवाला भाऊ पन्नीत सुपारी-चुना घोटत होता आणि रिकामं झालेलं तंबाखूचं पाकीट त्याने खाली टाकलं. त्यावर हा नंबर होता. 2018 पासून तो तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापतात, पण खर्रा खाणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही, येते ती कोरी पन्नी. म्हणून 22 वर्षं खाऊनही माझी त्यावर नजर पडली नव्हती. खर्रा खाणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय ते त्याचमुळे.

ही केंद्र सरकारची क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवरून मदत करणारी सेवा आहे, 2016 मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झालेली. फोनला पैसे लागत नाहीत. पहिल्यांदा मी लावला आणि घाबरून मीच कापला. दुसऱ्यांदा बोललो. पलीकडच्या ताई मराठीत बोलल्या. दिवसाला किती, उठल्यावर किती वेळाने पहिला, कोणाबरोबर, आधी किती दिवस सोडून पाहिला, असं एकेक विचारत गेल्या. मी म्हटलं, "ताई, माझ्या मनाची तयारी होत नाही." त्या म्हणाल्या, "दादा, तयारी राहू द्या. तारीख सांगा."

चार दिवसांनी मारबत होती, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि लोक "वाईट ते घेऊन जा गे मारबत" असं ओरडतात, तो दिवस. मी तीच सांगितली. नागपूरकराला यापेक्षा चांगला दिवस कोणता? आदल्या रात्री उरलेल्या पुड्या नालीत टाकल्या, ठेल्यावर जाऊन "मी मागितला तरी देऊ नका भाऊ" असं सांगून आलो. सकाळी गर्दीत उभं राहून, पिवळी मारबत समोरून जाताना, "खर्रा घेऊन जा गे मारबत" असं ओरडलो. आवाज निघता निघता रडू आलं.

तिसरा दिवस सगळ्यात वाईट गेला. डोकं ठणकत होतं, दुकानातल्या पोरावर विनाकारण ओरडलो. ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की पहिले काही दिवस असेच जातात आणि तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ घोट-घोट पाणी प्यायचं, सावकाश श्वास घ्यायचा, जागेवरून उठायचं. मी घड्याळ समोर ठेवून बसायचो. ठरल्याप्रमाणे त्यांचा फोनही आला, आणि खरं सांगतो, त्या फोनला काय उत्तर द्यायचं या विचारानेच मी दोनदा ठेल्यावरून परत फिरलो.

डिसेंबरात काटोलला लग्नात साल्याने पुडी पुढे केली आणि मी खाल्ली. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी लाजत फोन केला, म्हटलं आता सगळं वाया गेलं. रागावणं नाही, उपदेश नाही. किती वाजता, कोण होतं, त्याआधी काय चाललं होतं, एवढंच विचारलं आणि म्हणाल्या, "आजपासून परत मोजा."

कोणाला वाटेल फोनवर नुसतं बोलून काय होणार. मलाही वाटायचं. सोडायचं तुम्हालाच आहे. पण मला जोर सोडण्याच्या आधी कधीच आला नाही, तो नंतर आला. महिनाभराने वरण-भातावर मिरचीचा ठेचा घेतला आणि सहन झाला, तेव्हा आला. मुलगी गाडीवर मागे बसून "बाबा, आता वास नाही येत" म्हणाली, तेव्हा आला.

आखडलेलं तोंड नुसतं सोडल्याने उघडत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक दातांत धरून रोज व्यायाम करतो. गेल्या तपासणीत 29 मिलिमीटर आलं.

आता होळी जवळ आली. कूलरचा सीझन म्हणजे हात परत गुंतणार, आणि मला त्याचीच भीती वाटते. म्हणून कालच ताईंना फोन करून सीझनचं सांगून ठेवलं. ज्या भिंतीवर तारेचे गेज लिहिलेत तिथे खडूने हा नंबरही लिहिला आहे. माझ्यासाठी खर्रा आणून द्यायचा तो दुकानातला पोरगा, तोही खातो. परवा त्याने विचारलं, "भाऊ, ते मराठीतच बोलतात ना?"