मराठी पुस्तकांचं ऑनलाइन दुकान: वूकॉमर्स, पेमेंट गेटवे आणि ते दोन टक्के

वूकॉमर्स म्हणजे वर्डप्रेसच्या साइटवर दुकान मांडायचं प्लगइन (जोडसॉफ्टवेअर), पेमेंट गेटवे म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्यापर्यंत पोचवणारी कंपनी. याहून जास्त सांगत बसत नाही. ज्यांना दुकान काढायचंय त्यांनी तेवढे व्हिडिओ पाहिलेच असतील. साताऱ्यातून मराठी पुस्तकं विकते, गेल्या जूनमध्ये शाळा उघडायच्या सुमारास साइट सुरू केली. आज लिहायला बसले ती एका ऑर्डरीमुळे. नागपूरच्या एका बाईंनी यूपीआयने १,४६० रुपये भरले. त्यांच्या खात्यातून गेले, गेटवेच्या डॅशबोर्डवर जमा दिसतात आणि माझ्या साइटने मात्र तासाभराने ऑर्डर परस्पर रद्द करून टाकली. बाईंचा फोन: "अहो ताई, पैसे तर घेतलेत, मग पुस्तकं कुठायत?"

झालं होतं असं. फोनवर पैसे भरताना ग्राहक ब्राउझरमधून यूपीआय अ‍ॅपमध्ये जातो. पिन टाकला, हिरवी टिक आली की बरेच जण तिथूनच फोन ठेवून देतात, साइटवर परत येतच नाहीत. अशा वेळी गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला थेट निरोप पाठवतो, तो वेबहुक. माझी साइट ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्या होस्टिंगवाल्यांच्या फायरवॉलने, म्हणजे नको ते बाहेरच ठेवणाऱ्या राखणदाराने, तो निरोप दारातच अडवला. त्यात वूकॉमर्सच्या इन्व्हेंटरी सेटिंगमध्ये 'होल्ड स्टॉक' म्हणून एक चौकट असते, तिथे मुळात ६० मिनिटं भरलेली असतात. तेवढ्यात पैसे आल्याचं कळलं नाही की ऑर्डर रद्द.

गेटवेवाले म्हणाले, आम्ही निरोप पाठवला. होस्टिंगवाले म्हणाले, आमच्यापर्यंत आलाच नाही. दोन्हीकडे तिकिटं, दोन्हीकडे 'तुमच्या संयमाबद्दल आभार'. शेवटी गेटवेच्या वेबहुक लॉगमध्ये, म्हणजे निरोपांच्या नोंदवहीत, शिरले तर प्रत्येक निरोपापुढे ४०३ लिहिलेलं, म्हणजे 'आत यायला मनाई'. त्याचा स्क्रीनशॉट धाडल्यावर होस्टिंगवाल्यांचा सूर बदलला आणि चहा निवायच्या आत काम झालं. नवीन दुकान काढणाऱ्यांनी हा लॉग कुठे असतो ते आधी शोधून ठेवा, थीमचे रंग नंतर निवडा.

आता माझा खरा दुखरा मुद्दा. गेटवेची फी दोन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पुस्तकाच्या धंद्यात बसवून बघा. छापील किंमत ५००. प्रकाशक मला ३५ टक्के सोडतो, म्हणजे मला ३२५ ला पडलं. ग्राहकाला १५ टक्के सवलत दिल्याशिवाय तो हलत नाही, म्हणून ४२५ ला विकलं. वर टपालाचे ५० घेतले. फी लागते पूर्ण ४७५ वर, टपालखर्चावरसुद्धा! ११ रुपये २१ पैसे. माझ्या हातात राहणार होते १००, त्यातले अकरा गेले. पुठ्ठा, चिकटपट्टी अजून बाकीच आहे.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. फक्त पुस्तकंच विकणाऱ्याला नोंदणीही घ्यावी लागत नाही, परराज्यात पाठवली तरी. छान. पण त्यामुळे गेटवेच्या फीवर भरलेला जीएसटी वळता करून घ्यायचीही सोय नाही. तो सरळ खिशातून जातो. कपडे-मसालेवाल्या मैत्रिणी म्हणतात, 'अगं, क्रेडिट मिळतं ना!' त्यांना मिळतं, मला नाही.

आणि सगळ्यात डोक्यात जाणारी गोष्ट: यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे दुकानदाराकडून कापली जाणारी बँकेची फी, शून्य आहे. कोपऱ्यावरचा भाजीवाला क्यूआर लावून पूर्ण पैसे घेतो. माझ्या साइटवर तोच ग्राहक, तेच अ‍ॅप, तरी दोन टक्के. गेटवेला विचारलं तर उत्तर आलं, ही एमडीआर नाही मॅडम, प्लॅटफॉर्म फी आहे.

म्हणून शॉपिफाय, म्हणजे महिन्याच्या भाड्याने दुकानाची तयार साइट देणारी सेवा, आधीच बाद केलं होतं. त्यांचं स्वतःचं पेमेंट भारतात चालत नाही. बाहेरचा गेटवे जोडला की बेसिक प्लॅनवर ते वरून आणखी दोन टक्के घेतात, आणि महिन्याचं भाडं वेगळं. वापरायला ते सोपं आहे, हे मान्य. पण शंभरातले वीस असेच द्यायचे असतील तर मी प्रकाशकाची हमाली करतेय असंच म्हणायचं.

पावसाळ्यात वैतागून गेटवे बंदच केला. वूकॉमर्समध्ये 'थेट बँक ट्रान्सफर' हा पर्याय फुकट असतो, त्याच्या सूचनेत माझ्या चालू खात्याचा क्यूआर चिकटवला. फी शून्य! पहिला आठवडा मी जाम खुशीत. मग काय होतं ते ऐका. प्रत्येक ऑर्डर 'ऑन होल्ड' पडून राहते आणि आपण हाताने मोकळी करायची. ग्राहक व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट टाकतो, त्यात बारा आकडी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) असतो किंवा कापलेला असतो. ऑर्डर सुनेच्या नावावर, पैसे सासऱ्यांच्या खात्यातून. दोघांचं बिल एकच ४७५, त्यातलं कुणाचं आलं? एकाने ४७० पाठवले आणि वर 'पाच रुपयांचं काय ताई'. एकाने जुनाच स्क्रीनशॉट पुन्हा पाठवला, तारीख बघितली म्हणून वाचले. दिवाळी अंकांची गर्दी सुरू झाली आणि रात्री जेवणं झाल्यावर बँकेचं स्टेटमेंट एका हातात, मोबाइल दुसऱ्या हातात. घरचे म्हणाले, आता पुरे.

तर गेटवे पुन्हा चालू केला आणि माझं मत बदललंय. अकरा रुपयांत 'पैसे आले' हे माझ्याऐवजी दुसरं कुणीतरी बघतं, आणि सीझनमध्ये ते परवडतं. पण पैसे परत करताना मूळ फी ते परत देत नाहीत, हे अजूनही पटत नाही. प्रकाशकाकडे प्रत संपली म्हणून मी ४७५ परत केले की ११.२१ माझे गेले. त्यामुळे जी पुस्तकं मागवून द्यावी लागतात त्यांना 'कार्टमध्ये टाका' हे बटणच ठेवलेलं नाही. आधी चौकशी, मग पैसे.

कॅश ऑन डिलिव्हरी बंद. पार्सल परत आलं की जायचं-यायचं दोन्ही भाडं आपल्या माथी. पुस्तकाचे कोपरे दुमडून येतात ते वेगळंच.

मराठीपुरतं दोन गोष्टी सांगते, कारण त्या कुठल्याच व्हिडिओत नाहीत. उत्पादनाचं नाव देवनागरीत दिलं की लिंकमध्ये एकेक अक्षर नऊ चिन्हांचं होतं आणि वर्डप्रेसची मर्यादा २०० ची. लांब शीर्षक मध्येच तुटतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ती लिंक वीतभर टक्केचिन्हांची दिसते. लिंकचा भाग रोमनमध्ये हाताने लिहा. दुसरं, लोक शोधतात इंग्रजी अक्षरांत. वर्डप्रेसचा साधा शोध शीर्षक, वर्णन आणि थोडक्यात वर्णन एवढंच बघतो, टॅग बघत नाही. मी प्रत्येक पुस्तकाचं रोमन नाव थोडक्यात वर्णनात टाकलं आणि 'हे पुस्तक नाही का तुमच्याकडे' असे फोन बरेच कमी झाले.

चेकचा पर्याय सगळे पहिल्यांदा बंद करायला सांगतात. मी चालू ठेवला. फेब्रुवारीत कराडकडच्या एका ग्रंथालयाने अनुदान मार्चअखेर खर्ची टाकायचं म्हणून मोठी यादी साइटवरूनच भरली आणि चेक निवडला. बिल पाठवलं तर ग्रंथपालांचा फोन: "ताई, 'किंमत' फुटलंय, वेलांटी भलतीकडेच गेलीये. ऑडिटला हे चालायचं नाही." बिलाची पीडीएफ बनवणाऱ्या प्लगइनच्या आत डॉमपीडीएफ नावाचं सॉफ्टवेअर होतं, त्याला आपली जोडाक्षरं आणि वेलांट्या जुळवता येत नाहीत. एमपीडीएफ या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारं प्लगइन घातलं, बिल नीट आलं, तीन प्रती शिक्का मारून पाठवल्या.

चेक वटला. पूर्ण रक्कम, एक पैसा कापलेला नाही. तेव्हापासून चेकआउटवर चेकचा पर्याय पहिला ठेवलाय आणि खाली लिहिलंय: ग्रंथालये व शाळांसाठी. गेटवे तोच चालू ठेवतेय. होस्टिंगची मुदत जूनमध्ये संपते, तिथे परत पैसे भरणार नाही.